पिंग लागतं, तरी संच लाल: व्हीसीचे डबे एका जागेवरून सांभाळताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. संस्थेच्या गोवाभरच्या शाखांत मिळून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे १८ संच आहेत. ते पणजीच्या मुख्य कार्यालयातून सांभाळता यावेत म्हणून केंद्रीय व्यवस्थापन प्रणाली बसवलीत. पणजी, म्हापसा, मडगाव झटक्यात जोडले गेले. वाळपईच्या संचाला पिंग लागतं (‘आहेस का?’ या चाचणी-हाकेला उत्तर येतं), पण जोडायला गेलात की ‘एचटीटीपीएस प्रतिसाद नाही’. काणकोणचा जोडला जातो आणि थोड्या वेळानं लाल होतो, म्हणजे ‘संपर्क नाही’. सांग्याचा आठवडाभर नीट चालतो, शनिवार-रविवारी लाल होतो आणि सोमवारी कुणी हात न लावता हिरवा. शेवटी एका ओळीत विचारलंय, ‘पुढे हे सगळं सांभाळायचं कसं?’

पडद्यावरचा लाल रंग एकच असला तरी दुखणी तीन वेगळी आहेत. तुम्ही तिघांना एकच औषध देताय, काढायचा आणि पुन्हा जोडायचा, म्हणून गुण येत नाही.

‘जोडा’ हे बटण दाबल्यावर काय होतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. सर्व्हर त्या पत्त्यावर जातो; बहुतेक वेळा ४४३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचं क्रमांकाचं दार; ४४३ हे एचटीटीपीएसचं, सुरक्षित वेबचं), जुन्या संचांसाठी ८० वर किंवा एसएनएमपीच्या, म्हणजे उपकरणांची विचारपूस करायच्या पद्धतीच्या, १६१ वर. ‘तू कोण?’ असं विचारतो. संच आपलं मॉडेल, सिरियल नंबर, मॅक पत्ता (कारखान्यातच डब्याला मिळालेला नेटवर्क क्रमांक) सांगतो. मग सर्व्हर युजरनेम-पासवर्ड देऊन आत शिरतो, सगळी सेटिंग वाचून घेतो आणि जाता जाता संचात एक ओळ लिहून ठेवतो: यापुढे तुझा कारभारी अमुक पत्त्यावर बसतो, काही झालं की तिथं कळव. इथवर बोलायची सुरुवात सर्व्हर करत होता. यापुढे संच करतो: मी चालू झालो, माझा पत्ता बदलला, कॉल लागला, कॉल संपला. म्हणजे जायची वाट वेगळी, यायची वाट वेगळी. पिंग यातल्या कुठल्याच दारातून जात नाही. घराबाहेरून हाक मारली आणि आतून ‘ओ’ आली, एवढाच त्याचा अर्थ. दाराची कडी काढलेली आहे की नाही ते त्यावरून कळत नाही.

वाळपईला जायची वाट अडलीय. सर्व्हर ज्या मशीनवर आहे त्याच मशीनवर बसा, तुमच्या लॅपटॉपवर नव्हे. लॅपटॉप वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात असतो, त्याला फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याचे, नियम वेगळे असतात. तिथून पान उघडलं म्हणून माणूस दोन दिवस उगाच सर्व्हरला शिव्या देत बसतो. तर सर्व्हरवर ब्राउझर उघडा आणि वाळपईच्या संचाचा पत्ता टाका. चाक नुसतं फिरत राहिलं आणि मिनिटभरानं हात टेकले, तर मधली फायरवॉल पाकीट गिळतेय: पिंगला परवानगी दिलीय, ४४३ ला नाही. झटक्यात नकार आला, तर वाट मोकळी आहे पण संचावरची वेब सेवाच बंद आहे. खोलीत जाऊन टच पॅनेलवरून ती सुरू करावी लागेल. ‘सुरक्षित जोडणी करता आली नाही’ अशा अर्थाचं काही आलं, तर संचाचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची भाषा बोलता येत नाही आणि नवीन सर्व्हर त्याहून जुनं काही ऐकून घेत नाही. आधी त्या संचाचं सॉफ्टवेअर तिथं जाऊन वर आणा, मग जोडा. नुसता सर्टिफिकेटचा इशारा येऊन पुढे पान उघडलं तर घाबरू नका, संचांवर कंपनीचं स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट असतं, इशारा यायचाच.

चौथी शक्यता हसण्यासारखी आहे, पण माझ्यावर येऊन गेलीय. डिचोलीच्या एका कार्यालयातल्या संचाला दोन दिवस पिंग लागत होतं आणि जोडणी होत नव्हती. तिसऱ्या दिवशी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, पान उघडलं, आणि समोर टोनरची पातळी. पिंगला उत्तर देत होता तो पहिल्या मजल्यावरचा प्रिंटर! संचाचा पत्ता कुणीतरी हातानं टाकलेला, प्रिंटरला तोच पत्ता डीएचसीपीनं, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेनं दिलेला. संच चालू असेल तेव्हा दोघांची मारामारी, बंद असेल तेव्हा प्रिंटरचं राज्य. तेव्हापासून मी डब्याच्या बुडाखालच्या लेबलवरचा मॅक पत्ता आणि नेटवर्क स्विचवर दिसणारा मॅक पत्ता जुळवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही. त्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून मागवा, शाखेतल्या माणसाला आकडे वाचून दाखवायला सांगू नका. बी आणि डी, सी आणि ई, फोनवर सगळं एकच ऐकू येतं.

काणकोणचं दुखणं यायच्या वाटेवरचं. सर्व्हर आत शिरला, सगळं वाचून आला, म्हणून जोडणी यशस्वी दिसली. पण संच जेव्हा स्वतःहून कळवायला निघाला तेव्हा त्याला घर सापडलं नाही. संचाच्या वेब पानावर जा, सेटिंगमध्ये ‘प्रोव्हिजनिंग’ असा भाग असतो, त्यात बाहेरच्या व्यवस्थापकाचा पत्ता कोणता लिहिलाय ते अक्षर अन् अक्षर वाचा. माझी पैज आहे की तिथं सर्व्हरचं नुसतं छोटं नाव असेल, मागे डोमेन, म्हणजे संस्थेच्या नेटवर्कचं नाव, नसेल. पणजीत डीएचसीपी डोमेनचं शेपूट आपोआप जोडून देतं, त्यामुळे तिथले संच त्या छोट्या नावावर धकून जातात. काणकोणच्या राउटरला ते शेपूट माहीत नाही, त्याचा डीएनएसही, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवाही, बहुधा इंटरनेट कंपनीची आहे. तो बिचारा विचारतो, हा कोण?

आता हे दुरुस्त कुठे करायचं? मोह होतो संचावरच पत्ता बदलून मोकळं व्हायचा. तसं केलंत तर आज हिरवा होईल आणि उद्या सकाळी पुन्हा लाल, कारण बऱ्याच प्रणालींत रात्री एकदा सगळ्या संचांवर व्यवस्थापनाची सेटिंग पुन्हा लिहिण्याची सोय चालू असते. दुरुस्ती सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये करा: पूर्ण नाव, डोमेनसकट. मग काणकोणच्या संचावर ती सेटिंग सक्तीनं लिहायची आज्ञा द्या. आणि ते नाव काणकोणहून उलगडतं का ते संचावरून नाही, तर त्याच नेटवर्क स्विचला लावलेल्या एखाद्या कॉम्प्युटरवरून तपासा.

इथं एक मोठी गोष्ट ठरवावी लागते आणि ती बहुतेक जण ठरवतच नाहीत: कुठल्या शाखेत कोण कोणाला हाक मारणार. जिथं तुमची स्वतःची लाइन किंवा व्हीपीएन आहे तिथं सर्व्हर संचापर्यंत जाऊ शकतो. जिथं साधं ब्रॉडबँड आहे तिथं राउटरच्या पलीकडे त्याला काही दिसत नाही. तुम्ही पिंग करताय तो पत्ता संचाचा की राउटरचा, हे अशा ठिकाणी आधी विचारा. सिस्कोच्या टीएमएस या व्यवस्थापन प्रणालीत प्रत्येक संचाला एक प्रकार द्यावा लागतो: लॅनवर पोचण्याजोगा, सार्वजनिक इंटरनेटवर, किंवा फायरवॉलच्या मागे. हा शेवटचा प्रकार निवडला की सर्व्हर हाक मारायचं सोडतो. संचच ठरावीक वेळानं सर्व्हरकडे येतो, ‘काही काम?’ विचारतो, असेल ते घेऊन जातो. त्यासाठी सर्व्हरचा पत्ता बाहेरून दिसायला हवा. आणि तुम्ही दिलेली आज्ञा संच पुढच्या फेरीला येईल तेव्हाच अमलात येते. रीबूटचं बटण दाबलं, काही झालं नाही, म्हणून सात वेळा दाबलं, असं करू नका. पुढच्या फेरीला तो ती सगळी गाठोडी उचलेल.

क्लाउडवरच्या प्रणाली तर सगळ्या याच पद्धतीनं चालतात. सिस्कोच्या कंट्रोल हब या प्रणालीत तुम्ही खोलीचं नाव टाकता, १६ आकडी ॲक्टिव्हेशन कोड मिळतो, तो संचाच्या पडद्यावर टाकला की संच स्वतःहून बाहेर जाऊन नोंदणी करतो. कोड सात दिवसांत वापरावा लागतो. म्हणून १८ कोड सोमवारी काढून माणूस पुढच्या आठवड्यात काणकोणला पाठवण्यात अर्थ नाही. तुमच्यासारख्या १८ खोल्यांच्या संस्थेनं स्वतःचा सर्व्हर पाळावा का, असं मला विचाराल तर, संच क्लाउडला चालण्याइतके नवे असतील तर नाही. सर्व्हर म्हटला की विंडोजचे पॅच आले, डेटाबेसचा बॅकअप आला, सर्टिफिकेटची मुदत आली, आणि हे सगळं करणारा माणूस एकटाच, म्हणजे तुम्ही. पण तुम्ही बसवलेला आहे, पैसे दिलेत, तर आता तोच नीट चालवू.

संच जुने असण्याची शक्यता मी धरतेच. हे काम मी १९ वर्षं करतेय. सुरुवातीला हाताळलेले डबे टँडबर्गचे होते. ती नॉर्वेची कंपनी २०१० मध्ये सिस्कोकडे गेली. पॉलिकॉम २०१८ मध्ये प्लँट्रॉनिक्सनं घेतली, मग दोघांचं नाव पॉली झालं, आणि २०२२ मध्ये पॉली एचपीकडे. त्यामुळे डब्यावर एक नाव, बिलावर दुसरं आणि वेबसाइटवर तिसरं, असं होतं. प्रणालीच्या चालणाऱ्या संचांच्या यादीत आपलं मॉडेल शोधताना तिन्ही नावांनी शोधा. यादीत नसलेला संच जोडलाच तर अर्धवट जोडला जातो: दिसतो, पण सेटिंग लिहू देत नाही.

जोडायचे राहिलेले जे संच आहेत, त्यांच्यासाठी चार कामं आधी उरकून घ्या. मोजताना खोल्या मोजा, वस्तू नव्हे. टच पॅनेल, कॅमेरा, माइक हे कोडेकच्या, म्हणजे संचाच्या मुख्य डब्याच्या, पदरात येतात, ते वेगळे जोडायचे नसतात.

पहिलं काम नावं. हे क्षुल्लक वाटेल, पण गोव्यात नावांचा घोळ मोठा आहे. पोंडा की फोंडा? बिचोली की डिचोली? मडगाव, मारगाव की मडगांव? एका ठिकाणी मी यादी पाहिली होती, त्यात म्हापशाचे तीन संच तीन स्पेलिंगांनी होते आणि शोधताना एकच सापडायचा. बाकी दोन वर्षभर कुणी अपडेटच केले नव्हते. मी आता गावाच्या नावाआधी पिनकोडचे शेवटचे तीन आकडे लावते. सगळ्या गोव्याचा पिनकोड ४०३ नं सुरू होतो, पुढचे तीन गाव सांगतात: पणजी ००१, फोंडा ४०१, वाळपई ५०६, म्हापसा ५०७, मडगाव ६०१, काणकोण ७०२. त्यापुढे मजला आणि खोली. ‘५०६-वाळपई-१-सभा’ असं नाव तपासायला सोपं, यादीत उत्तर गोव्याचे बहुतेक एका बाजूला येतात, आणि पोस्टमननं ठरवलेल्या आकड्यावर कुणी वाद घालत नाही. खोलीला साहेबाचं नाव देऊ नका. साहेबांची बदली होते, नाव राहतं.

दुसरं, पत्ता. संचावर हातानं पत्ता टाकण्यापेक्षा डीएचसीपीमध्ये त्याच्या मॅकला राखीव पत्ता द्या. प्रिंटरची गोष्ट सांगितलीच.

तिसरं, वेळ. कपाटात वर्षभर पडलेला संच चालू केला की त्याचं घड्याळ कुठल्या तरी भलत्याच साली असतं. त्या सालात तुमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून संच ते नाकारतो, आणि तुम्हाला मात्र ‘जोडणी अयशस्वी’ एवढंच दिसतं. एनटीपीचा, म्हणजे घड्याळ जुळवून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता टाका, त्यासाठीचं यूडीपी १२३ हे पोर्ट मोकळं आहे का पाहा, आणि टाइमझोन कोलकाता निवडा. तो विसरलात तर ११ वाजताची बैठक खोलीतल्या पडद्यावर पहाटे साडेपाचला दिसेल. एका शाखेच्या मॅनेजरनी मला खरोखरच फोन करून विचारलं होतं की एवढ्या पहाटे येणं सक्तीचं आहे का.

चौथं, पासवर्ड. नव्या संचांवर ॲडमिन हे नाव आणि पासवर्ड रिकामा, अशी स्थिती सर्रास असते. तो तसाच ठेवून जोडू नका. पण सर्व्हरला न सांगता संचावर बदलूही नका. शाखेतल्या कुणी हुशारीनं पासवर्ड बदलला की सर्व्हर जुना पासवर्ड घेऊन पुनःपुन्हा दार ठोठावत राहतो, आणि काही संच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातंच कुलूपबंद करतात. मग बरोबर पासवर्ड माहीत असूनही तुम्हालाही आत जाता येत नाही. बदल सर्व्हरवरून करा. आणि प्रणालीत नेटवर्क आपोआप चाळून संच शोधण्याची सोय असेल तर ती बंदच ठेवा. एसएनएमपीचं ‘पब्लिक’ हे परवलीचं नाव सगळीकडे ठेवून चाळणी लावली की डेमोला आलेला पाहुणा संचही यादीत येऊन बसतो आणि परवान्यातली एक जागा खातो.

आता सांगे. तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवारी लाल, सोमवारी आपोआप हिरवा. यात बिघाड काही नाही असं माझं मत आहे. सांग्याला फोन लावून एवढंच विचारा: शुक्रवारी संध्याकाळी जाताना मेन स्विच कोण बंद करतं? बहुतेक शिपाईमामा. आणि का करतात तेही मला माहीत आहे, कारण ज्यांनी एकदा मे महिन्याअखेरची किंवा ऑक्टोबरातली कडाडणारी वीज पाहिलीय ते सगळे करतात. आपल्याकडे जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट मिळायची मारामार, त्यात घाटाकडून गडगडाट सुरू झाला की जुन्या इमारतीत मेन स्विच खाली ओढणं हेच शहाणपण. फक्त त्यांना आणखी एक गोष्ट शिकवा: लॅनची वायरही काढा. एका ऑक्टोबरात एकाच संध्याकाळी दोन कोडेकचे लॅन पोर्ट माझ्या देखत गेले. दोघांचीही वीज बंद होती, यूपीएसही बंद. पण नेटवर्कची वायर छपरावरच्या वायरलेस डिशकडे जाणारी, आणि ती लावलेलीच होती. डबा चालू होत होता, कॅमेरा फिरत होता, एचडीएमआयवर चित्र येत होतं. फक्त लॅनचा दिवा पुन्हा कधी लागला नाही. दुरुस्तीला नेले तर मदरबोर्ड बदलायला सांगितला, आणि त्या पैशात नवा संच आला असता.

म्हणजे सांग्याच्या संचाला प्रणालीत सांगायचं की शनिवार-रविवार तुझी सुट्टी. बहुतेक प्रणालींत इशाऱ्यांना वेळापत्रक लावता येतं. इशाऱ्यांच्या बाबतीत मी कडक आहे. सुरुवातीला सगळे उत्साहानं सगळे इशारे ईमेलवर चालू करतात. मग एका दुपारी वीज जाते, १८ संचांचे ३६ मेल येतात, गेला आणि आला. महिन्याभरात त्या मेलना वेगळ्या फोल्डरात टाकायचा नियम लावला जातो आणि ते फोल्डर कुणी उघडत नाही. लांडगा आला रे आला. मी एवढेच ठेवते: कामाच्या वेळेत अर्धा तास संपर्क नाही, चुकीचा पासवर्ड, संच तापला, आणि सर्टिफिकेट संपायला महिना उरला. हा शेवटचा तर भिंतीवरच्या कालनिर्णयावरही लिहून ठेवते. एखाद्या सकाळी १८ही संच एकाच क्षणी लाल झाले तर नेटवर्कवाल्यांना फोन करण्याआधी सर्व्हरच्या सर्टिफिकेटची तारीख बघा.

साचे, म्हणजे टेम्प्लेट, हे केंद्रीय प्रणालीचं खरं सुख आणि तेच डोकेदुखीचं कारणही. सगळ्या खोल्यांना एकसारखी सेटिंग एका फटक्यात लावता येते: आवाजाची पातळी, पडदा झोपायची वेळ, एनटीपी, कॉलची गती. पण साचा दर रात्री पुन्हा लागत असेल तर शाखेत केलेला कुठलाही बदल सकाळी पुसलेला असतो. एका ठिकाणच्या सभागृहात आवाज घुमायचा, म्हणून तिथला मुलगा माइकची पातळी रोज कमी करायचा, आणि रोज सकाळी ती पुन्हा वर. महिनाभर त्यानं कुणाला सांगितलंही नाही. शेवटी त्याचं म्हणणं असं झालं की इमारत जुनी आहे, मागे वड आहे, देवचाराचं काम दिसतंय. देवचार नव्हता, रात्री दोनचा साचा होता. तेव्हा साच्यात तेवढंच टाका जे खरोखर सगळीकडे सारखं हवं. माइक, स्पीकर, कॅमेऱ्याच्या ठरलेल्या जागा हे खोलीचं खोलीवर सोडा. एक मात्र साच्यात घालाच: आलेला कॉल आपोआप उचलणं बंद. ही सोय चालू राहिली तर कुणीही बाहेरून नंबर लावून तुमच्या संचालक मंडळाची बैठक बसल्या जागी पाहू शकेल.

सॉफ्टवेअर अपडेट. साधा हिशेब करा. पॅकेज १ जीबीचं धरलं तर ते ८००० मेगाबिट. शाखेची लाइन १० एमबीपीएस असेल तर सगळं सुरळीत चालून १३-१४ मिनिटं. हे ठीक वाटतं. पण १५ शाखांना एकदम सोडलं आणि पणजीची बाहेर जाणारी लाइन ५० एमबीपीएस असली, तर ४० मिनिटं मुख्य कार्यालयाचं नेट गुदमरणार, तेही सगळं आदर्श चाललं तर. म्हणून सगळे म्हणतात, शनिवारी रात्री लावा. शनिवारी लावलं की सांग्याचा मेन स्विच बंद! तीन महिने ‘अपडेट बाकी’ दिसत राहतं. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावते, एका वेळी तीन शाखा. माणसं शीतकडी जेवत असतात, खोली रिकामी असते, वीज गेली तर यूपीएस आहे का ते विचारायला तिथं कुणीतरी असतं. पहिला नेहमी माझ्या शेजारच्या खोलीतला संच. तो आठवडाभर नीट चालला की मग बाकीचे. खूप जुन्या आवृत्तीवरून थेट नव्यावर उडी मारता येत नाही, मधल्या एखाद्या आवृत्तीवर थांबून जावं लागतं. ते कंपनीच्या प्रकाशन टिपणात लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

आणखी एक गैरसमज. प्रणालीत संच हिरवा दिसतो म्हणजे कॉल लागेलच असं नाही. व्यवस्थापनाची वाट ४४३ ची. कॉलची वाट वेगळी. कॉल लावायच्या दोन पद्धती: एसआयपी असेल तर ५०६०-५०६१, एच.३२३ असेल तर १७२०, आणि चित्र-आवाजासाठी यूडीपीची मोठी पट्टी. कॉल लागतो पण चित्र एका बाजूनंच येतं, अशी तक्रार आली तर प्रणालीत शोधत बसू नका, शाखेच्या राउटरवरचं ‘एसआयपी एएलजी’, म्हणजे कॉलच्या निरोपांत ढवळाढवळ करणारी सोय, बंद करून बघा.

संच मोडीत काढताना घाई नको. खराब झालेल्याच्या जागी नवा आला तर जुना पुसून नवा जोडण्यापेक्षा ‘बदला’ असा पर्याय असेल तर तो वापरा, म्हणजे त्या खोलीच्या पुढच्या बैठका आणि फोनबुकमधली नोंद नव्या डब्याकडे जाते. पुसलात तर बैठका अनाथ होतात आणि ते नेमकं बैठकीच्या दहा मिनिटं आधी कळतं. जुना डबा भंगारात देण्यापूर्वी फॅक्टरी रीसेट करा. त्याच्या पोटात तुमचं सगळं फोनबुक असतं.

तर आता क्रम असा ठेवा. काणकोण आधी, कारण त्यासाठी जागेवरून उठायचीही गरज नाही: सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पूर्ण नाव घाला, सक्तीनं लिहा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. वाळपईला ब्राउझरमध्ये काय दिसलं ते मला तसंच्या तसं कळवा. स्क्रीनचा फोटो चालेल, त्यात पासवर्ड येणार नाही एवढं बघा. चवथीच्या सुट्टीआधी दोन्ही हिरवे व्हायला हरकत नाही. सांग्याच्या संचाला हात लावू नका. फक्त मामांना फोन करून लॅनची वायर कुठली ते दाखवा, आणि तिला लाल टेप गुंडाळायला सांगा.